साठलेली रजा

स्टाफरूममध्ये खुर्च्या अकरा आणि बाकडं एक. खुर्च्या पर्मनंट माणसांच्या, बाकडं तासांवर शिकवणाऱ्यांचं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कॉलेजात न लिहिलेले नियमच जास्त कडक असतात. बाकडं पाण्याच्या फिल्टरला लागून होतं. ज्याला तहान लागेल तो आधी येऊन "जरा सरकता का" म्हणायचा आणि मग पेला भरायचा. ती बारा वर्षं सरकत आली होती.

तिला सगळे तासबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की तासबाई. इतिहासाचा तास घ्यायचा, वहीत सही करायची आणि पळत जाऊन दुसऱ्या कॉलेजची बस गाठायची. घेतला तेवढाच तास खरा. ताप आला, तास गेला. घरात कुणी गेलं, तास गेला. रजा नावाची चीज त्या नेमणुकीत नाहीच. उन्हाळा लागला की नेमणूक संपते. कॉलेज उघडलं की पुन्हा अर्ज, पुन्हा तीच कागदपत्रं, आणि "अनुभव किती वर्षांचा?" असं विचारायला समोर तेच साहेब, ज्यांच्या डोळ्यांदेखत तो अनुभव घेतलेला असतो. आता याला हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

आणि कहर म्हणजे तासबाई हा शब्द तिच्या आईनंच काढलेला होता.

आई त्याच कॉलेजात एकतीस वर्षं शिपाई होती. सगळ्यांची मावशी. सकाळी साडेसहाला कुलूप उघडायचं, फळे पुसायचे, खुर्च्या झटकायच्या. कुठल्या खुर्चीचा कुठला पाय आखूड, कुठल्या कपाटाची किल्ली उलटी फिरते, सगळं तोंडपाठ. चहा आला की आधी खुर्च्यांना, मग उरलासुरला बाकड्याला. घरी येऊन मुलीला सांगायची, "त्या तासबाया बघवत नाहीत गं. एवढं शिकलेल्या, आणि माझ्याहून वाईट दशा. मला निदान रजा तरी आहे. तू काहीही हो, तासबाई तेवढी होऊ नकोस."

रजेवर आईचा भारी जीव. रजा म्हणजे तिला अंगावरच्या दागिन्यासारखी वाटायची, असावी पण उठसूट काढू नये. तिनं साठवलेल्या रजेचे पैसे निवृत्तीच्या वेळी एकरकमी हाती आले आणि त्यातून मुलीच्या पीएच.डी.साठी काढलेलं कर्ज फिटलं. म्हणजे मुलीच्या नावामागचं 'डॉक्टर' हे आईच्या न घेतलेल्या सुट्ट्यांचं होतं.

आई निवृत्त झाली त्याच वर्षी मुलीच्या हातात नेमणुकीचं पत्र पडलं. तासांवरचं. घरी येताना बसमध्ये तिनं ठरवलं होतं की सरळ सांगून टाकायचं, एखाद-दोन वर्षांचा तर प्रश्न. दारात आई आणि खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्या काकू दोघी उभ्या. "लागली?" आईनं विचारलं. "लागले," ती म्हणाली. इथवर खोटं काही नव्हतं. पुढचं वाक्य ती बोलणार तोच आई म्हणाली, "खुर्ची कुठली दिली?"

हिनं आईचा चेहरा बघितला. आणि तोंडातून निघून गेलं, "खिडकीजवळची."

"डुगडुगते ती," आई म्हणाली. "मागच्या उजव्या पायाखाली पुठ्ठा सरकव." एवढं म्हणून तिथंच उंबऱ्यावर बसून ती रडायला लागली. काकूंनी तासाभरात सगळ्या गल्लीला बातमी पोचवली. मग कुठलं खरं आणि कुठलं काय.

आईचे गुडघे कामातून गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून ते खोटं टिकलं. पण खोटं पोसायला लागतं. हिनं ते तीन कॉलेजं आणि संध्याकाळचे दोन क्लास करून पोसलं. उन्हाळ्यात नेमणूक नसायची तेव्हा "पेपर तपासायला जाते" म्हणून सकाळीच बाहेर पडायची आणि कुठल्या तरी शिकवणीला दिवसभर घसा फोडून यायची. लग्नाचा विषय निघाला की मनात म्हणायची, आधी पर्मनंट होऊ दे. तो विषय निघायचाही हळूहळू बंद झाला.

दर वर्षी नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आई रजेचा हिशेब करायची. "यंदा काढलीस का एखादी?"

"नाही काढली."

"शहाणी माझी. म्हणजे आता किती झाली?" आणि बोटांवर मोजून स्वतःच आकडा सांगायची. हा आकडा वाढत वाढत एकशे ऐंशीवर गेला होता. हिच्याकडे एक दिवसही नव्हता.

असं सगळं असून तिला शिकवायला मनापासून आवडायचं, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. वर्गात शिरली की बाकडं, बस, फिल्टर, सगळं विसरायची. एका वर्षी शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची, तोंडातून शब्द फुटायचा नाही. बाकीचे तिला मुकी म्हणत. हिनं तिला रोज एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "तुला काय वाटतं?" चार महिने ती मान खाली घालून उभी राहिली. एक दिवस उत्तर दिलं, आणि असं दिलं की सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला. त्या दिवशी तासबाई बसमध्ये खिडकीशी बसून एकटीच हसत होती. पुढे ती मुलगी एम.ए.ला पहिली आली आणि भेटायला आली तेव्हा वाकून नमस्कार करून बाकड्यावरच शेजारी बसली. असे दिवस थोडे होते, पण होते.

मग बाराव्या वर्षी दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. डॉक्टरांनी आईचे रिपोर्ट टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "महिना धरून चाला. ॲडमिट करून काही उपयोग नाही, घरीच राहू दे." आणि विभागप्रमुख सरांनी हिला बोलावून सांगितलं, "मॅडम, जागा निघालीय. पर्मनंट. पंचवीस तारखेला मुलाखती. तुमचं काम आम्ही पाहतोच आहोत. फक्त तोपर्यंत एक तास बुडवू नका. वरच्यांची नजर असते."

तिला काय वाटलं असेल बघा. आईला महिना आणि मुलाखतीला तीन आठवडे. म्हणजे आई असतानाच ते खोटं खरं होऊ शकत होतं. खिडकीजवळच्या खुर्चीवर एकदा तरी बसून घरी यायचं आणि आईला सांगायचं, खरंच डुगडुगते गं. यापलीकडे तिला आयुष्याकडून काहीही नको होतं. ती जीव तोडून तास घ्यायला लागली. दुपारी दोन कॉलेजांच्या मध्ये दोन-अडीच तास मिळायचे तेवढ्यात घरी धावत यायची, आईला औषध द्यायची, पुन्हा धावायची. बाकी वेळ काकू बसायच्या, इस्त्रीचं गाठोडं वरच आणून.

पाचव्या-सहाव्या दिवशी ती अशीच दुपारी आली. काकू खाली गेल्या. आईनं तिचा हात धरला.

"आता काढ ना ती रजा," आई म्हणाली.

सांगूनच टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. आई, मला रजाच नाही गं. एवढे पाच शब्द.

"तुला एक सांगायचं राहिलंय," आई पुढे म्हणाली. "तुझे बाबा गेले तेव्हा मी कुठे होते, ठाऊक आहे?"

"कॉलेजात होतीस."

"खुर्च्या पुसत होते. माझ्याकडे तेव्हा नव्वद दिवस रजा शिल्लक होती. डॉक्टर म्हणाले होते, आठवडाभर. मी म्हटलं, आठवडा आहे तर आत्ताच कशाला मोडा, शेवटचे दोन दिवस काढू. ते तिसऱ्याच दिवशी गेले. शेजारच्यांनी पाणी दिलं त्यांना." आई थांबली, दम लागला होता. "त्याच रजेवर तू शिकलीस, त्याचं मला वाईट नाही वाटत. पण माझ्यासारखी तू राखत बसू नकोस. मागाहून ती रजा खायला उठते."

आता यावर काय सांगायचं? मला रजा नाही म्हणायचं, म्हणजे बाबांचं एकटं जाणं, नव्वद दिवस, पीएच.डी., सगळं मातीमोल झालं असं त्या बाईला मरताना सांगायचं. तिच्यानं नाही झालं. माझ्यानंही झालं नसतं.

"काढते," ती म्हणाली. "उद्यापासून."

"किती दिवस?"

"हवी तेवढी."

आईचा चेहरा असा फुलला की हिला तोंड फिरवून घ्यावं लागलं.

तासबायांत एक रीत असते, उसन्या तासाची. मी अडले तर तू माझा तास घे, तू अडलीस तर मी तुझा घेईन, आणि वर कुणाला कळू द्यायचं नाही. बाकड्यावर तिच्या शेजारी बसणारी गणितवाली होती. दुसऱ्या कॉलेजांचे तास आणि क्लास हिनं सोडून दिले, आणि इथल्या तासांसाठी तिला फोन केला. "मी तुझ्या पोरांना काय शिकवू," गणितवाली म्हणाली, "सनावळ्यांची बेरीज?" आणि मग लगेच म्हणाली, "जा तू, बस आईजवळ. मी बघते." तिनं चार दिवस खरोखर ओढून नेलं. पाचव्या दिवशी विभागप्रमुख वर्गावरून गेले, फळ्यावर समीकरण दिसलं आणि बिंग फुटलं.

सरांचा फोन आला. "मॅडम, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सर, आई शेवटच्या घटका मोजतेय."

"मला वाईट वाटतं. पण मुलांचं नुकसान होतंय. मी तात्पुरतं कुणाला तरी नेमतो. तुम्ही पंचवीसला मुलाखतीला मात्र या. वेळेवर या."

हा फोन तिनं जिन्यात उभं राहून घेतला. आत आली तेव्हा आईनं विचारलं, "कुणाचा?"

"कॉलेजचा. रजा मंजूर झाली म्हणाले."

आणि खरं सांगायचं तर ते दिवस त्या दोघींच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. बारा वर्षांत तिनं आईला दुपारी झोपलेली पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. आईचे केस विंचरले, नखं कापली, पाय चेपले. आई कॉलेजातल्या जुन्या गोष्टी काढायची. कोण साहेब वर्गात झोपायचे, कुठल्या मॅडम चहात साखर नको म्हणायच्या आणि कपाटाआड उभं राहून दोन चमचे घालून घ्यायच्या. दोघी पोट धरून हसायच्या, आणि हसता हसता आईला कळ यायची. रोज सकाळी डोळे उघडले की आई पहिला प्रश्न विचारायची, "आज कितवा?"

"सातवा."

"मधला रविवारही धरतात बरं का, लांब रजा असली की. म्हणजे उरली एकशे त्र्याहत्तर." हिशेब चुकायचा नाही.

पंचवीस तारीख रजेचा चौदावा दिवस होता. मुलाखत अकरा वाजता. रात्री आईचं बरं होतं. हिनं ठरवलं, काकूंना बसवायचं, दोन-तीन तासांत जाऊन यायचं. नऊ वाजता इस्त्रीचे कपडे घातले, कागदपत्रांची पिशवी घेतली. आईनं पाहिलं.

"कुठे?"

"कॉलेजात जाऊन येते जरा. एक सही राहिलीय."

आईनं उठायचा प्रयत्न केला, झेपलं नाही. "रजेवर असताना कॉलेजात जायचं नसतं," ती म्हणाली. "मी कधी गेले नाही. गेलं की कुणीतरी कामाला लावतं आणि रजा मोडते. नको जाऊस." नंतर अगदी हळू म्हणाली, "आज नको जाऊस गं. आज मला भीती वाटतेय."

आईला भीती वाटते, हे वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

ती पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिली. साडेनऊ झाले. दहा झाले. दहा वीसची बस खालच्या थांब्यावर येऊन उभी राहिल्याचा आवाज वरपर्यंत आला, आणि बस निघून गेल्याचाही. काकू म्हणाल्या, "मी बसते की, तू जाऊन ये." तिनं नको म्हणून मान हलवली. अकरा वाजता आईला डोळा लागला तेव्हाही तिची बोटं आईच्या मुठीत होती. तिनं सोडवून घेतली नाहीत. ती जागा तिला मिळालीच असती असं काही नाही. अशा जागा कुणासाठी निघतात हे बाकड्यावर बसणाऱ्याला कळत नाही असं थोडंच असतं. पण बारा वर्षं जिची वाट पाहिली ती वेळ तिच्या समोरून गेली, आणि ती उठली नाही.

आई त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सोळाव्या दिवशी सकाळी तिनं दोन घोट चहा घेतला आणि विचारलं, "उरली किती?"

"तूच सांग."

"एकशे चौसष्ट," आई म्हणाली. "ती आता राखू नकोस. मी गेले की घे आणि झोप काढ. बारा वर्षं तू नीट झोपली नाहीस, मला दिसतं." चहाचा कप हिनं बाजूला ठेवला आणि आईचं तोंड पुसायला फडकं घेतलं. वळली तोवर आई गेली होती.

सगळं उरकल्यावर आठवड्यानं शेवटच्या बाकावरची ती मुलगी आली, एकेकाळची मुकी. दारातच उभी. डोळे भरलेले. तिला पाहून तासबाईला वाटलं, समाचाराला आली. ती समाचाराला आलीच होती, पण उंबऱ्यावरच घुटमळत होती.

"काय झालं?" तासबाईनं विचारलं. आणि सवयीनं पुढे म्हणाली, "बोल. तुला काय वाटतं?"

मुलीला हुंदका आला. "मॅडम, तुमच्या जागी सरांनी मला नेमलं होतं. मला वाटलं, थोड्या दिवसांचंच आहे. काल म्हणाले, आता पुढेही हे तास तुम्हीच घ्या. त्या पर्मनंट जागेवर कुणी दुसरेच आलेत. मी उद्या जाऊन नाही सांगते."

तासबाईनं तिला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. रागही आला, पण तो या पोरीवर काढण्यासारखा नव्हता. वर्गात चार महिने वाट पाहून जिचं तोंड उघडलं होतं तीच आता तिच्या फळ्यासमोर उभी होती. कुणीतरी उभं राहणारच होतं, मग हीच बरी.

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. "तू नाही म्हटलंस तर मला परत बोलावतील असं वाटतं तुला? तिसरीला बोलावतील. घे तू तास. बाकड्याच्या डाव्या टोकाला खिळा वर आलाय, तिथं बसू नकोस, कपडे फाटतात. उजवीकडे गणितवाली बसते, ती चांगली आहे, तिला धरून राहा."

मुलीनं डोळे पुसले.

"घरी काय सांगितलंस?" तासबाईनं विचारलं.

"सांगितलं, नोकरी लागली."

"तासांवरची, हे सांगितलंस?"

मुलगी खाली बघायला लागली. "आई फार खूश झाली, मॅडम. म्हणून म्हटलं, नंतर सांगू."

तासबाई उठली आणि तिच्या पुढ्यात येऊन बसली. "आज सांग," ती म्हणाली. "घरी गेल्या गेल्या सांग. रडेल ती, रडू दे. पण आज सांग. उद्यावर टाकलंस तर मग कधीच सांगता येत नाही." बोलता बोलता आई गेल्यानंतर पहिल्यांदा ती ढसाढसा रडली, आपल्या विद्यार्थिनीसमोर. मुलगी घाबरून तिचा हात धरून बसली. तिला वाटलं, मॅडम आईसाठी रडतायत. ते खोटंही नव्हतं.

मुलगी गेली. तिला सोडायला तासबाई जिन्याच्या कठड्यापर्यंत आली. खालून काकू हिचेच इस्त्री केलेले कपडे हातावर घेऊन चढत होत्या. धापा टाकत वर आल्या, टेकल्या.

"किती दिवस घरात कोंडून घेशील गं? कॉलेजात कधी जायचंय तुला?"

"रजा आहे अजून, काकू."

"अजून? किती ती?"

"एकशे चौसष्ट दिवस."

काकूंनी मान डोलावली. "बरं आहे बाई. तुझी आई म्हणायचीच, पर्मनंट नोकरीचं हेच सुख."

"हो," ती म्हणाली. त्यांच्या हातातले कपडे घेऊन तिनं आत नेऊन ठेवले आणि दार लावून घेतलं.